व्यासपीठ मिळाले, निर्णय कोणाचा?

'समावेशक' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. युवा महोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर तो असतो, कंपन्यांच्या वार्षिक अहवालात असतो, महापालिकेच्या ठरावातही असतो. वस्तीतील दहा-पंधरा मुले, दोन अंध मुली, चाकाच्या खुर्चीवरील एखादा तरुण यांना रंगमंचावर आणले, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पुष्पगुच्छ दिले, छायाचित्रे काढली, की समावेश पूर्ण झाला असे मानण्याची रीत पडली आहे. सहा महिन्यांनी त्याच वस्तीत जाऊन चौकशी केली, तर तालमीच्या खोलीला कुलूप दिसते. कॅमेरे संस्थेच्या कपाटात परत गेलेले असतात आणि ती मुले आपापल्या हातगाडीवर, घरकामावर वा निव्वळ बेकारीत परतलेली असतात. जिने त्यांना वर्षभर एकत्र बांधून ठेवले होते ती कार्यकर्ती दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या प्रकल्पावर रुजू झालेली असते. तिचे नाव कोणत्याही अहवालात नसते.

तरुणांसाठी कलेचे आणि माध्यमांचे उपक्रम चालवणारी ही माणसे कोण आहेत, ती नेमके काय करतात आणि समाज त्यांच्याशी कसा वागतो, याचा विचार केल्याशिवाय समावेशाची सारी चर्चा पोकळ ठरते.

शब्द नवा असला तरी हे काम महाराष्ट्राला नवे नाही. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात शेतकऱ्याचा आणि शूद्रातिशूद्रांचा सवाल भरला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 साली लालबावटा कलापथक उभे केले, तेव्हा गिरणगावातील कामगार हा त्याचा प्रेक्षक होता आणि कलावंतही होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे यांच्या पिढीत शाखेवरच्या पोरांना गाणे, नृत्य आणि लोकनाट्य शिकवले. पुण्यातील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारे निळू फुले आणि घरच्या केशकर्तनाच्या व्यवसायात वाढलेले राम नगरकर याच कलापथकातून पुढे आले. या सर्व प्रयत्नांत मतभेद होते, मर्यादाही होत्या. तरी एक गोष्ट समान होती. त्यांच्यामागे संघटना होती. कार्यक्रम संपला तरी शाखा उरत असे, युनियनचे कार्यालय उरत असे, वस्तीतील मंडळ उरत असे. गाणे शिकवणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत भेटत असे. कला ही एका चालू असलेल्या नात्याचा भाग होती.

आजच्या उपक्रमांत नेमके हे नातेच तुटले आहे.

हे नाते पुन्हा जोडण्याचा एक प्रयत्न ठाण्यात झाला. रत्नाकर मतकरी यांनी 1962 साली बालनाट्य संस्था सुरू केली आणि प्रतिभा मतकरी यांच्या साथीने अनेक वर्षे मुलांसाठी नाटके केली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही नाटके मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी पाहिली. नाट्यगृहाचे तिकीट परवडणाऱ्या घरांपलीकडेही मुले आहेत, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत राहिली, आणि झोपडवस्तीतील मुलांबरोबरही त्यांनी काम केले. पुढे 2014 साली समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला. प्रतिकूल परिस्थितीत दहावी उत्तीर्ण होणाऱ्या वस्तीतील मुलांचा 'एकलव्य' म्हणून गौरव करणारी ही संस्था त्या मुलांना आधीपासून ओळखत होती. वस्त्यांतील मुलामुलींनी आपल्या जगण्यातील विषय घ्यावेत, त्यांतून छोट्या नाटिका रचाव्यात आणि त्या स्वतःच सादर कराव्यात, अशी ही कल्पना. मे 2020 मध्ये करोनाने मतकरी यांचा बळी घेतला. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीतील हे शेवटचे मोठे काम होते असे म्हणता येईल.

या दोन टप्प्यांमधील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्यात मोठी माणसे मुलांसाठी नाटक करीत होती. ते काम उत्तम होते आणि आजही आवश्यक आहे. दुसऱ्या टप्प्यात लेखक बाजूला सरकला. काय सांगायचे हे वस्तीने ठरवायचे आणि ते कसे सांगावे यासाठी जाणत्याने साहाय्य करायचे, असा क्रम आला. आयुष्यभर लेखणीवर हुकमत असलेल्या माणसाने ती खाली ठेवून तेरा वर्षांच्या मुलीचे अडखळते वाक्य ऐकत बसणे ही सोपी गोष्ट नाही. तीच या कामाची खरी परीक्षा आहे.

ही परीक्षा प्रत्यक्षात फार लहान लहान गोष्टींत होते. तालीम सायंकाळी सातला ठेवली की मुली येत नाहीत, कारण त्या वेळी पाणी येते आणि परतताना रस्त्यावर दिवे नसतात. मग तालमीची वेळ बदलावी लागते, घरी जाऊन आईशी बोलावे लागते, मुलींना घरापर्यंत पोहोचवावे लागते. तालमीची जागा दुसऱ्या मजल्यावर असेल, तर चाकाच्या खुर्चीवरील मुलगा पहिल्याच दिवशी वगळला जातो. कर्णबधिर मुलगी गटात असेल तर खुणांची भाषा जाणणारा माणूस हवा, आणि तो केवळ प्रयोगाच्या दिवशी नव्हे तर प्रत्येक तालमीला हवा. पारधी किंवा वडार वस्तीतील मुलगा घरची बोली सोडून 'शुद्ध' बोलू लागला की त्याचे निम्मे नाट्य हरवते. त्याला त्याच्या बोलीत बोलू देणे आणि इतरांना हसू न देणे हेही काम मार्गदर्शकालाच करावे लागते. राजाची भूमिका कोणाला मिळते आणि झाडू मारणाऱ्याची कोणाला, यात जात डोकावते. चित्रफीत करायची ठरली की कॅमेरा आपोआप मुलांच्या हाती जातो आणि मुली कॅमेऱ्यासमोर नाचायला उरतात. हे सारे पाहणारी, वेळीच थांबवणारी आणि कोणाचा अपमान न करता बदलणारी नजर हेच या माणसांचे कौशल्य आहे. ते दिसत नाही, म्हणून त्याची किंमत होत नाही.

पद्धत बदलली की माणसाची 'अक्षमता' किती झपाट्याने विरघळते, याचा एक दाखला मुंबईतच आहे. पार्थो भौमिक यांनी 2006 साली अंध आणि अंशतः अंध व्यक्तींना छायाचित्रण शिकवण्यास आरंभ केला. आवाजाची दिशा, स्पर्श, उन्हाची ऊब, अंतराचा अंदाज यांच्या आधारे चित्र टिपता येते, हे त्यातून सिद्ध झाले. तोवर 'अंधाला छायाचित्रणाशी काय कर्तव्य' हा प्रश्न सर्वांना स्वाभाविक वाटत होता. अपुरेपण शिकणाऱ्यात नसते, शिकवण्याच्या रीतीत असते, हे सूत्र येथे डोळ्यांसमोर येते.

तथापि, साधने आणि कौशल्य देऊन प्रश्न सुटत नाही. अंतिम प्रश्न निर्णयाचा आहे. तयार झालेली कलाकृती कोणाची? ती कोठे दाखवायची, कोणती दाखवायची नाही, आणि त्यातून आपली कोणती प्रतिमा जगापुढे जाईल, हे ठरवणार कोण?

या संदर्भात दोन चित्रपटांची आठवण उपयुक्त ठरेल. कोलकात्याच्या सोनागाची भागातील वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांना झाना ब्रिस्की यांनी कॅमेरे दिले. त्या उपक्रमावर त्यांनी आणि रॉस कॉफमन यांनी केलेल्या 'बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स' या अनुबोधपटाला 2005 साली ऑस्कर मिळाले. मुलांची छायाचित्रे खरोखरच सुंदर होती आणि उपक्रमामागची तळमळ नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच वस्तीत 1995 पासून 'दुर्बार महिला समन्वय समिती' ही त्या मुलांच्या आयांची स्वतःची संघटना काम करीत होती. तिचे अस्तित्व या चित्रात जवळजवळ दिसतच नाही, अशी टीका झाली. ज्या स्त्रिया संघटित होऊन आपल्या आरोग्यासाठी आणि प्रतिष्ठेसाठी झगडत होत्या, त्या पडद्यावर मुलांच्या मार्गातील अडथळा म्हणून उरल्या. मुलांच्या हाती कॅमेरा आला, पण कथेची सूत्रे बाहेरून आलेल्यांच्याच हाती राहिली.

दुसरे उदाहरण बुंदेलखंडातील आहे. 2002 साली चित्रकूट जिल्ह्यात 'खबर लहरिया' हे बुंदेली बोलीतील पत्र ग्रामीण स्त्रियांनी सुरू केले. त्यांत दलित स्त्रियांचा पुढाकार होता. पुढे हे पत्र छापील कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर गेले आणि अनेक तरुण मुली पत्रकार झाल्या. त्यांच्यावरील 'रायटिंग विथ फायर' या चित्रपटाला 2022 साली ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला. त्याच वेळी या गटाने जाहीर निवेदन काढून सांगितले की, चित्रपटातील आमचे दर्शन अपुरे आहे आणि आमच्या कामाचा एकच भाग त्यात ठळक झाला आहे. त्यांचे म्हणणे योग्य की चित्रपटकारांचे, हा वाद बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की, सत्काराच्या क्षणी 'हे पूर्ण सत्य नाही' असे बजावण्याची ताकद त्यांच्यात होती. कारण त्यांचे स्वतःचे पत्र होते, स्वतःचे संपादक मंडळ होते, वीस वर्षांचा अनुभव होता. सोनागाचीच्या मुलांजवळ कॅमेरे होते, वृत्तपत्र नव्हते. साधन देणे आणि सत्ता देणे यांत किती अंतर आहे, ते या दोन प्रसंगांच्या तुलनेत स्पष्ट होते.

ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांनी हे अंतर ओलांडण्याचा विचार सर्वांत पुढे नेला. त्यांच्या 'पीडितांच्या रंगभूमी'त प्रेक्षक प्रयोग थांबवतो, रंगमंचावर चढतो आणि पीडित पात्राची जागा घेऊन प्रसंगाला वेगळे वळण देऊन पाहतो. 1993 ते 1996 या काळात बोआल रिओ दि जानेरोच्या नगरसभेचे सदस्य होते. तेव्हा त्यांनी वस्त्यावस्त्यांतील नाट्यगटांमधून आलेल्या सूचनांचे कायद्याचे मसुदे केले आणि त्यांतील तेरा कायदे संमत झाले. पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुली यांनी 1985 साली स्थापन केलेली 'जन संस्कृती' हीच रीत खेड्यांतील शेतमजुरांमध्ये चालवीत आली आहे. वस्तीतील मुलांनी पाण्याच्या रांगेवर नाटक करावे, नगरसेवकाने टाळ्या वाजवाव्यात आणि नळ कोरडाच राहावा, हा खेळ बोआल यांना मंजूर नव्हता. आपल्या नगरपालिकांना तो मंजूर का असावा?

आता या कामाच्या अर्थकारणाकडे वळले पाहिजे, कारण कुलूप तेथेच पडते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्यामुळे संस्थांकडे पैसा आला, हे मान्य केले पाहिजे. परंतु या पैशाचा स्वभाव प्रकल्पाचा आहे. नियमांनुसार 'चालू प्रकल्प' म्हणजे आरंभाचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. बारा वर्षांची मुलगी नाटकाच्या गटात आली, तर ती पंधरा-सोळाची होते तेव्हा, म्हणजे शाळा सुटण्याच्या आणि लग्नाचा तगादा सुरू होण्याच्या नेमक्या वयात, प्रकल्प संपतो. देणगीदाराला मोजता येणारे फळ हवे असते. किती मुले आली, किती चित्रफिती झाल्या, किती जणांनी पाहिल्या, हे मोजता येते. एका मुलीने घरात पहिल्यांदा 'नाही' म्हटले, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

सरकारचा व्यवहारही याहून फारसा निराळा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी निदेशक द्यायचा आहे, आणि तोही 'अंशकालीन'. म्हणजे गणित पूर्णवेळ आणि माणसाची अभिव्यक्ती अर्धवेळ, असा निवाडा कायद्यानेच देऊन टाकला. महाराष्ट्रातील या निदेशकांना तुटपुंज्या मानधनासाठी आणि सेवेच्या सातत्यासाठी आंदोलने करावी लागली, न्यायालयाची पायरी चढावी लागली. दुसरीकडे भारताने 1992 साली बालहक्क संहितेला मान्यता दिली आहे; तिच्या एकतिसाव्या कलमात प्रत्येक मुलाचा सांस्कृतिक जीवनात आणि कलेत सहभागी होण्याचा हक्क मान्य केला आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही सांस्कृतिक जीवनासंबंधीचे स्वतंत्र कलम आहे. हक्क कागदावर कायमचा आणि तो प्रत्यक्षात आणणारा माणूस मात्र हंगामी, ही विसंगती कोणाच्याही नजरेत भरावी अशी आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला आक्षेप जुना आहे: पोटाचा प्रश्न सुटल्यावर कलेचे पाहू. ज्या अण्णाभाऊंनी उपाशी माणसांपुढे डफ वाजवला, त्यांच्या महाराष्ट्रात या आक्षेपाला उत्तर देण्याची वेळ यावी हे दुर्दैव होय. आपले दुःख हे आपले नशीब नसून अन्याय आहे, हे उमगण्यासाठी माणसाला ते दुःख आधी आपल्यापासून थोड्या अंतरावर ठेवून पाहावे लागते. नाटक, गाणे, चित्र ही ते अंतर निर्माण करण्याची साधने आहेत. भाकरीचा लढा लढणाऱ्याला आवाज लागतो. तो भाकरी मिळाल्यानंतर द्यावयाचा नसतो.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, प्रत्येकजण चित्रफीत काढतो, मग शिबिरे आणि मार्गदर्शक हवेत कशाला? हा युक्तिवाद वरवर लोकशाहीवादी वाटतो. पण तीस सेकंदांच्या त्या चौकटीत कोणाला किती प्रेक्षक द्यायचे हे वस्तीतला तरुण ठरवीत नाही; जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीची यंत्रणा ठरवते. तेथे एकटेपणाने मारलेली हाक आणि तालमीच्या खोलीत वीस जणांनी वाद घालून, एकमेकांना खोडून काढून उभे केलेले नाटक यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यातून प्रसिद्धी मिळू शकते. दुसऱ्यातून समूह तयार होतो.

परिवर्तनवादी चळवळींनीही या प्रसंगी आत्मपरीक्षण करणे उचित ठरेल. सभेला गर्दी जमेपर्यंत गाणी म्हणायची आणि पुढारी आले की कलापथकाने पेटी-ढोलकी उचलून बाजूला व्हायचे, हे दृश्य कोणी पाहिले नाही? ज्यांनी लोक जमवले त्यांना कार्यकारिणीत स्थान नाही, धोरणाच्या चर्चेत बोलावणे नाही आणि आजारपणात विचारपूसही नाही. ध्येयवादाच्या नावाखाली कार्यकर्त्याला फुकट राबवणे हेही शोषणच होय, मग ते राबवून घेणारा कंपनीचा अधिकारी असो वा चळवळीतील ज्येष्ठ. तरुणांना समतेचे नाटक शिकवणाऱ्याला घरभाडे देता येत नसेल, तर त्या नाटकातील समता कोणाला पटेल?

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. प्रत्येक प्रभागातील समाजमंदिर आणि महापालिकेच्या शाळेचे सभागृह सायंकाळी तरुणांच्या गटांना विनामूल्य आणि हक्काने मिळावे. तेथे उतरंड, स्वच्छतागृह आणि दिवे असावेत. कला निदेशकाचे पद पूर्णवेळ आणि कायम असावे, आणि त्यावर वस्तीतून तयार झालेल्या तरुण-तरुणींना प्राधान्य मिळावे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक उपक्रमाच्या समितीत निम्म्या जागा सहभागी तरुणांच्या असाव्यात. आपले चित्र, आपली कहाणी, आपला चेहरा दाखवू न देण्याचा अधिकार त्यांना लेखी मिळावा, आणि तो अधिकार वापरल्याबद्दल कोणालाही गटातून काढले जाऊ नये. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. खर्चाचा प्रश्न निघाल्यास एखाद्या नगरपालिकेने वर्षभरातील स्वागतकमानींचा आणि सत्कारांचा हिशेब मांडून पाहावा.

तरुणांना व्यासपीठ देणाऱ्यांची आज उणीव नाही. व्यासपीठ देणारा ते केव्हाही काढून घेऊ शकतो, हे त्या तरुणांनाही ठाऊक असते. म्हणूनच ती मुले पाहुण्यांसमोर पाहुण्यांना आवडेल तेच बोलतात. ज्या दिवशी वस्तीतील एखादी मुलगी आयोजकांना सांगेल की, 'हा विषय आम्हाला करायचा नाही, आम्ही दुसरा करणार', आणि आयोजक नाराज न होता तालमीची खोली उघडून देतील, त्या दिवशी समावेशाला आरंभ झाला असे समजावे. ती खोली रोज सायंकाळी उघडणाऱ्या माणसाच्या हाती किल्ली आणि खिशात पगार असेल, याची जबाबदारी मात्र समाजाची आणि शासनाची आहे.